बाबांचा पीएसए ११.४ आलाय, लगेच तुकडा काढायचा का?

धुऱ्यावरून · १४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचं गाव. बाबा ६८ वर्षांचे. तीन-चार वर्षांपासून रात्री तीनदा-चारदा उठतात, धारही बारीक झाली आहे. पण "वय झालं, होतेच" म्हणून कधी दाखवलं नाही.

मागच्या आठवड्यात सोयाबीन काढणं सुरू होतं. थ्रेशरच्या धुळीनं बाबांना सर्दी झाली, मेडिकलमधून गोळ्या आणून दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळपासून लघवीच होईना. संध्याकाळपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं. भिंतीला हात टेकून नुसते उभे, अंगाला घाम, तोंडातून शब्द निघेना. ऑटोनं तालुक्याला नेलं. नळी टाकली तेव्हा सव्वा लिटर लघवी निघाली. पिशवी लावून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेतलं, संध्याकाळी लॅबनं व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) ११.४, ठळक अक्षरात, बाजूला वर जाणारा बाण, समोर '० ते ४'. दवाखान्यातून सांगितलं, "कॅन्सर असू शकते, आठ दिवसांत नागपूरला नेऊन बायोप्सी करा." म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासायचा. पुढं विचारायला थांबलो तर मागं चाळीस-पन्नास पेशंटची रांग.

बाबा म्हणतात, "तुकडा काहाडला का रोग आंगभर पसरते. मले नाई काहाडाचा." आई दोन दिवसांपासून धड जेवली नाही. पैसा लावायला मी मागं सरणार नाही, पण योग्य जागी लागला पाहिजे. रक्ताच्या एका आकड्यावर बायोप्सी करायची असते का? आणि तुकडा काढल्यानं खरंच पसरतो का?

पऱ्हाटी · १४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

भाऊ, पह्यले मायले जेवाले बसवा. माह्या मामाचा १४ निंघाला होता, कॅन्सर नव्हता, गाठ वाढेल होती. पन मी डाक्टर नाई, म्हनून त्याच्यावर जाऊ नका. इथं डाक्टरसाहेब लिहितेत, थ्यायची वाट पाहा. अन् थ्या सर्दीच्या गोळ्या घरात ठेवू नका.

लॅबवाला पुसद · १४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

१७ वर्षं झाली लॅबमध्ये काम करतोय. दादा, एवढं सांगा: रक्त घेतलं तेव्हा नळी आत होती का? ताप होता का? लघवीची तपासणी झाली का, त्यात पू-पेशी किती होत्या?

पीएसए हे कॅन्सरचं विष नाही. प्रोस्टेटच्या चांगल्या पेशीच ते प्रथिन बनवतात, वीर्य पातळ ठेवायचं त्याचं काम. एरवी ते रक्तात अगदी थोडं झिरपतं. ग्रंथी वाढली, सुजली, जंतू लागले, लघवी तुंबून दाब आला किंवा नळी घासत गेली की जास्त झिरपतं. कॅन्सरमध्येही झिरपतं. यंत्र फक्त किती झिरपलं ते मोजतं, का झिरपलं ते त्याला कळत नाही.

नळीवाल्या माणसाचं रक्त आलं की मी फॉर्मच्या कोपऱ्यात पेनानं 'कॅथेटर आहे' लिहितो. रिपोर्टवर ते छापून येत नाही. छापून येतो तो बाण, आणि माणूस बाण पाहूनच खचतो. फार वाईट वाटतं.

धुऱ्यावरून · १४ ऑक्टोबर, रात्री १०.५५

हो, नळी आत होती. टाकून पुरते १४ तासही झाले नव्हते. लघवी तपासली नाही. काल संध्याकाळी थोडी कणकण होती.

ग्रामीण डॉक्टर · १५ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, यूरॉलॉजिस्ट (लघवीच्या आजारांचा तज्ज्ञ) नाही. पण असे कागद घेऊन आठवड्याला दोघं-तिघं येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे धरून चला की हा ११.४ निर्णयाच्या कामाचा आकडा नाही. लघवी पूर्ण तटलेली, वर नळी, वर कणकण. या तिन्हींपैकी एकानंही पीएसए दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. या रक्तावरून काहीच ठरवता येत नाही, एवढाच होतो. नळी निघून, जंतुसंसर्ग असल्यास तो बरा होऊन ६ ते ८ आठवडे जाऊ द्या आणि मग पुन्हा रक्त द्या. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा वर्षांच्या हिशेबानं वाढतो, दीड-दोन महिन्यांनी बाबांचं नुकसान होणार नाही. उलट सुजलेल्या, जंतू असलेल्या ग्रंथीत सुई घातली तर जंतू रक्तात जाऊन जीवावर बेतू शकतं.

थांबायचं नाही ते केव्हा, तेही सांगतो. पाठीत किंवा कमरेत रात्री झोप मोडणारं दुखणं, पायातली शक्ती जाणं, वजन झपाट्यानं उतरणं, पीएसए पन्नास-शंभराच्या घरात, किंवा बोटानं तपासल्यावर ग्रंथी दगडासारखी लागणं. यातलं काही असेल तर दोन महिने सोडा, दोन दिवसही घालवू नका.

आत्ता करायचं काम बायोप्सीचं नाही. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (कोणते जंतू वाढतात ते पाहणं), किडनीसाठी क्रिएटिनिन, टॅमसुलोसिनसारखी धार मोकळी करणारी गोळी, काही दिवसांनी नळी काढून लघवी होते का ते पाहणं. नंतर सोनोग्राफी, आणि रिपोर्टात ग्रंथीचं आकारमान व लघवी झाल्यावर उरलेली लघवी, हे दोन्ही आकडे लिहून घ्या. पुढं ते लागणार आहेत. सर्दीच्या गोळ्यांचं पऱ्हाटी यांनी बरोबर सांगितलं. त्यातल्या काही औषधांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, काहींनी मूत्राशयाची ढकलण्याची ताकद कमी होते. ग्रंथी वाढलेल्या माणसाची लघवी तटायला तेवढं पुरतं. यापुढे कोणत्याही मेडिकलमध्ये "मला प्रोस्टेटचा त्रास आहे" हे बाबांनी आधी सांगायचं.

आता त्या '० ते ४' बद्दल. ४ म्हणजे काही बांध नाही, की अलीकडं निरोगी आणि पलीकडं कॅन्सर. ४ ते १० मध्ये असलेल्या साधारण चौघांपैकी एकाच्या बायोप्सीत कॅन्सर निघतो, तिघांच्या निघत नाही. १० च्या वर गेलं की निम्म्याच्या आसपास. आणि अमेरिकेत ४ किंवा त्याहून कमी पीएसए असणाऱ्यांचीही बायोप्सी केली होती, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात १५ टक्के लोकांत कॅन्सर सापडला. म्हणून नुसता आकडा पाहून पळत सुटू नये आणि नुसता आकडा पाहून निर्धास्तही होऊ नये.

दोन महिन्यांनी पुन्हा ४ ते १० मध्ये आला तर त्याच रक्तात फ्री पीएसए करून घ्या. पीएसए रक्तात दोन रूपांत असतो, काही दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेला, काही मोकळा. कॅन्सरमध्ये मोकळ्याचं प्रमाण कमी होतं. मोकळा २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता बरीच कमी, १० च्या खाली असेल तर बरीच जास्त. १९९८ च्या एका मोठ्या अभ्यासात २५ टक्क्यांची रेघ धरल्यावर ९५ टक्के कॅन्सर पकडले गेले आणि विनाकारणच्या बायोप्सीपैकी २० टक्के टळल्या. मधल्या पट्ट्यात त्यानं फार उलगडा होत नाही, हेही खरं.

मला यापेक्षा उपयोगी वाटतो तो साधा भागाकार. पीएसए भागिले ग्रंथीचं आकारमान. मोठ्या वावरात जास्त कापूस निघणारच, पाहायचं एकरी किती ते. ६० मिलिलिटरच्या ग्रंथीत ६ म्हणजे ०.१०. तोच ६ जर २५ मिलिलिटरच्या ग्रंथीतून येत असेल तर ०.२४, आणि तिथं मी स्वस्थ बसणार नाही. ०.१५ च्या वर गेलं की संशय वाढतो.

त्यानंतर प्रोस्टेटचा एमआरआय. २०१८ मध्ये ५०० पुरुषांवरचा एक अभ्यास आला. एका गटाची सरळ बायोप्सी केली, दुसऱ्या गटाचा आधी एमआरआय करून त्यात संशयाची जागा दिसली तरच तिथं सुई घातली. एमआरआयच्या गटातल्या २८ टक्के लोकांना बायोप्सी लागलीच नाही, तरी उपचाराची गरज असणारा कॅन्सर त्या गटात जास्त सापडला, ३८ टक्के विरुद्ध २६. आणि ज्यानं आयुष्यभर त्रास दिला नसता असा बारीक कॅन्सर कमी, ९ विरुद्ध २२.

राहिला तुकड्यानं पसरण्याचा प्रश्न. नाही, प्रोस्टेटच्या बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. गावात तसं वाटतं कारण आपल्याकडे कित्येकांचा तुकडा निघतो तोच रोग हाडात गेल्यावर. मग सहा महिन्यांत माणूस गेला की दोष सुईवर येतो. बाबांशी वाद घालू नका, पण हे त्यांना शांतपणे सांगा.

धुऱ्यावरून · १५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

डॉक्टरसाहेब, तुमचं लिहिणं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'एकरी किती' हे बाबांनी दोनदा वाचायला लावलं. आईनं चहासोबत पोळी खाल्ली. लघवीचं कल्चर आजच देतो.

वरोऱ्याची लेक · १५ ऑक्टोबर, दुपारी २.१०

दादा, माझ्या वडिलांचं उलट झालं होतं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वडील ७२ वर्षांचे. दोन वर्षांपासून प्रोस्टेटची रोजची एक गोळी सुरू होती. पीएसए आधी २.१ आला, वर्षानं ३.४. दोन्ही वेळा कागदावर बाण नव्हता. आम्ही खूश, पेढे वाटायचे बाकी होते. पुढं चंद्रपूरला एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "बाबा कोणत्या गोळ्या घेतात? नाव नका सांगू, पाकीट दाखवा." मी पर्समधून रिकामं पाकीट काढून दिलं. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि पेनानं ३.४ च्या बाजूला ६.८ लिहिलं. त्या गोळीत ड्युटास्टेराइड होतं. ते किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. शिवाय गोळी सुरू असताना खाली गेलेला आकडा पुन्हा चढायला लागला तर तेच धोक्याचं. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एमआरआयमध्ये डाग दिसला, बायोप्सीत ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती जोराचा ते सांगणारा आकडा (मोठा तेवढा जोराचा), ४+३ आला. नागपूरला रेडिएशन आणि हार्मोनची इंजेक्शनं झाली. आता दोन वर्षं होतील, वडील रोज सकाळी फिरायला जातात. पण हात जोडून सांगते, तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. केसांसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्या मुलांनीही हे लक्षात ठेवा, त्यानंही आकडा उतरतो.

लॅबवाला पुसद · १५ ऑक्टोबर, दुपारी २.४५

ताई, फार मोलाचं सांगितलंत. आमच्या फॉर्मवर 'चालू औषधे' अशी ओळ आहे, ती शंभरातले नव्वद लोक कोरी सोडतात.

स्पष्ट वऱ्हाडी · १५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मला राग आला आहे, म्हणून थोडं कडक लिहितो. आमच्या तालुक्यात एक मोफत शिबीर झालं. पन्नाशीच्या वरच्या सगळ्या पुरुषांचं पीएसए काढलं, कुणाला काही समजावलं नाही. सासरे ७९ वर्षांचे, हृदयात दोन स्टेंट. आकडा आला ६.२. फोन आला, "लवकर या." रक्त पातळ करणारी गोळी बंद करून बायोप्सी केली. तिसऱ्या रात्री असं हुडहुडी भरून आलं की खाट हलत होती. आठ दिवस आयसीयू. तुकड्यांमध्ये काही निघालं नाही. दीड एकराचं सोयाबीन त्या बिलात गेलं आणि माणूस त्यानंतर पहिल्यासारखा उभा राहिला नाही. मी तर म्हणतो ही तपासणी करूच नये.

ग्रामीण डॉक्टर · १५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

तुमचा राग योग्य आहे. ७९ वय, हृदयाचा आजार, लघवीची तक्रार नाही आणि पीएसए ६.२, अशा माणसाला मी बायोप्सीला पाठवलं नसतं. खरं तर त्यांचं पीएसएच काढलं नसतं. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये ठरवलं की ५५ ते ६९ वयात फायदा-तोटा समजून घेऊन ज्याचं त्यानं ठरवावं आणि ७० नंतर त्रास नसताना सरसकट पीएसए करू नये. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेट नाही.

पण करूच नये, असं मी म्हणणार नाही. युरोपात १ लाख ६२ हजार पुरुषांवर जी पाहणी झाली तिचा २३ वर्षांचा निकाल २०२५ मध्ये आला. पीएसएसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरनं होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. ४५६ जणांना बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. फायदा लहान आहे, पण तो आहे. तोटा कुठं होतो, तर आकडा आला की सरळ सुई आणि सुईत काहीही निघालं की सरळ ऑपरेशन, या घाईत. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १६४३ जणांना ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं असं वाटून दिलं होतं. १५ वर्षांनी तिन्ही गटांतले जवळपास ९७ टक्के लोक प्रोस्टेट कॅन्सरनं गेले नव्हते.

आणि एक, स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच बंद करू नये. सासऱ्यांची प्रकृती आता कशी आहे?

स्पष्ट वऱ्हाडी · १५ ऑक्टोबर, रात्री १०.०५

काठी घेऊन चालतात. विचारलंत, बरं वाटलं. ७० नंतर नको, हे आधी कुणी सांगितलं असतं तर.

मेहकरचा · १६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

मी दुसरी बाजू मांडतो, कारण 'आकडा खोटा असतो' एवढंच वाचून कुणी घरी बसू नये. माझ्या काकांचा पीएसए ९ होता, वय ६३. पुन्हा करायला सांगितलं होतं. तूर आली, मग मुलीचं लग्न, मग कागद कुठं गेला कुणाला ठाऊक. तीन वर्षांनी कंबर धरली. नस दबली म्हणून चार महिने मालिश आणि शेक. एका सकाळी खाटेवरून उतरले आणि पाय दुमडले. तोपर्यंत पीएसए तीनशेच्या वर, मणक्यात पसरलेला. दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन थांबवायच्या इंजेक्शनला नागपूरला जाणं झेपणार नव्हतं, म्हणून काकांनी वृषणं काढायचं ऑपरेशन निवडलं. दुखणं महिनाभरात उतरलं, पण पायात बळ पूर्ण परत आलं नाही. अडीच वर्षं काढली. दादा, दोन महिन्यांनंतरची तारीख भिंतीवर लिहा.

ग्रामीण डॉक्टर · १६ ऑक्टोबर, सकाळी ८.२५

यात एक जोडतो. प्रोस्टेटच्या रुग्णाच्या पायातली शक्ती जायला लागली तर ती त्याच दिवशी गाठायची तातडी आहे. मणक्यातली मज्जारज्जू दबत असते. त्या दिवशी उपचार मिळाला तर पाय वाचू शकतात, चार दिवसांनी नाही.

पुण्यातला पुतण्या · १६ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

इकडे फोर-के स्कोअर आणि पीएचआय अशा नव्या रक्त तपासण्यांची नावं ऐकतो. त्यानं बायोप्सी टळते म्हणतात. गावाकडं होतात का?

ग्रामीण डॉक्टर · १६ ऑक्टोबर, दुपारी १.३०

पीएचआय म्हणजे पीएसएची तीन रूपं मोजून त्यांच्या गणितातून काढलेला आकडा. फोर-केमध्ये चार प्रथिनं मोजतात, त्यात वय, बोटाची तपासणी आणि आधीची बायोप्सी मिळवून गंभीर कॅन्सरची शक्यता टक्क्यांत सांगतात. दोन्ही चांगल्या आहेत, गरज नसलेल्या बऱ्याच बायोप्सी त्यांनी टळतात. पण तालुक्यातून करायच्या तर अडचण रक्ताच्या प्रवासाची. ती पुसदचे भाऊ जास्त चांगली सांगतील.

लॅबवाला पुसद · १६ ऑक्टोबर, दुपारी ४.५०

बरोबर. पीएचआयमधला एक घटक इतका नाजूक आहे की रक्त काढल्यापासून तीन तासांत सीरम वेगळं करून गोठवावं लागतं. आमच्याकडं संकलन केंद्रावर सकाळी आठला रक्त घेतात, पोऱ्या दुपारी फटफटीवर डबा घेऊन येतो, कधी बर्फ असतो कधी वितळलेला असतो. साध्या पीएसएचं फारसं बिघडत नाही. पण फ्री पीएसए उन्हात उतरतो, आणि उतरला की टक्केवारी कमी दिसते, म्हणजे रुग्ण आहे त्यापेक्षा धोक्यात वाटतो. म्हणून फ्री पीएसए द्यायचा असेल तर ज्या लॅबमध्ये यंत्र आहे तिथं स्वतः जाऊन द्या. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा, यंत्र बदललं की आकड्यात फरक पडतो. रक्त देण्याआधी दोन दिवस लांबची सायकल नको आणि नवरा-बायकोचा संबंधही नको, वीर्य गेलं की पीएसए थोडा चढतो. लोक लाजून हे विचारत नाहीत.

निवृत्त मास्तर · १६ ऑक्टोबर, रात्री ९.००

माझी बायोप्सी चार वर्षांपूर्वी झाली, वर्ध्याकडं. वय तेव्हा ६७. बाबांना दाखवायला लिहितो.

कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून, गुदद्वारातून अंगठ्याएवढी सोनोग्राफीची नळी आत घालतात. बधिर करायचं इंजेक्शन तेवढं चावतं. मग बंदुकीच्या घोड्यासारखा 'टक्' असा आवाज, बारा वेळा. प्रत्येक टक् ला एक धाग्याएवढा तुकडा. पंधरा-वीस मिनिटांत उठून बसलो. लघवीत दोन दिवस रक्त, वीर्यात महिनाभर तांबूसपणा. नर्सबाईंनी एक गोष्ट तीनदा बजावली, थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच यायचं. आता काही ठिकाणी गुदद्वाराऐवजी वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून सुई घालतात, त्यात जंतूंचा धोका कमी.

माझ्यात कॅन्सर निघाला. ग्लीसन ३+३, बारापैकी दोन तुकड्यांत. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, याला आज हात लावायचा नाही, याच्यावर पहारा ठेवायचा." दर सहा महिन्यांनी पीएसए, मधे एकदा एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी. चार वर्षांत ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. पहिलं वर्ष झोप लागत नसे, हेही खरं सांगतो. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस अजूनही जड जातात.

धुऱ्यावरून · २ नोव्हेंबर, रात्री ८.४५

कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू निघाले. अँटिबायोटिकचा कोर्स झाला. नळी काढली, गोळीवर लघवी मोकळी होते आहे. सोनोग्राफीत ग्रंथी ५८ मिलिलिटर, मागं उरणारी लघवी ४०. क्रिएटिनिन १.१. भिंतीवर '२५ डिसेंबर' लिहिलं आहे, आईनं कुंकवाच्या बोटानं.

मेडिकलमध्ये काल बाबांनी खोकल्याचं औषध मागताना आधी प्रोस्टेटचं सांगितलं. दुकानदारानं हातातली बाटली परत ठेवून दुसरी दिली.

धुऱ्यावरून · २७ डिसेंबर, संध्याकाळी ७.१०

आला. पीएसए ५.८. फ्री पीएसए १.३, म्हणजे २२ टक्के. यवतमाळला स्वतः जाऊन रक्त दिलं. ५.८ भागिले ५८, बरोबर ०.१०. बाबांनी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिलं.

४ च्या वरच आहे म्हणून आई अजून घाबरलेलीच आहे.

ग्रामीण डॉक्टर · २७ डिसेंबर, रात्री ८.००

११.४ वरून ५.८. म्हणजे निम्मा आकडा तुंबलेल्या लघवीचा, नळीचा आणि जंतूंचा होता. आता जे आहे ते ५८ मिलिलिटरच्या ग्रंथीला शोभण्यासारखं आहे. तरी ४ ते १० मध्ये आहेत, ६८ वय आहे, अंगानं धट्टेकट्टे आहेत, म्हणून बोटाची तपासणी आणि एकदा एमआरआय करून घ्या. नागपूर मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत यूरॉलॉजी विभाग आहे, अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीतही आहे, सोयीचं पडेल तिथं. क्रिएटिनिनचा कागद न्या, एमआरआयचं इंजेक्शन देण्याआधी तो मागतात. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, पण भरती नसताना केलेल्या तपासण्यांचा खर्च कसा, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

धुऱ्यावरून · १९ जानेवारी, रात्री ९.३०

नागपूरहून आलो. आई-बाबा दोघांचं एसटीचं अर्धं तिकीट, यवतमाळला गाडी बदलली.

बोटाच्या तपासणीलाच बाबा अडले होते. ओपीडीत पडद्याआड डॉक्टरांनी सांगितलं, "बाबा, मी तुमच्या नातवाच्या वयाचा आहे, लाजू नका, मला शिकायलाही मिळेल." बाहेर आले, धोतर सावरलं आणि मला म्हणाले, "दोन मिंटाचं काम हाय. मी उगाच भेत होतो." ग्रंथी मोठी पण मऊ, कुठं गाठ नाही. एमआरआयमध्ये पाचपैकी २ चा शेरा, म्हणजे संशय कमी. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळे कागद ओळीनं टेबलावर मांडले, ऑक्टोबरच्या कागदावर 'नळी असताना' असं लिहून त्यावर गोल केला आणि म्हणाले, बायोप्सी आत्ता नको. गोळी चालू ठेवा, सहा महिन्यांनी पीएसए. ७ च्या वर गेला किंवा बोटाला काही लागलं तर पुन्हा विचार करू. तेव्हा सुई लागली तर बाबा तयार आहेत, तसं त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. मास्तरांचं लिहिणं मी त्यांना गाडीत वाचून दाखवलं होतं.

मेहकरचा · १९ जानेवारी, रात्री ९.४५

जुलैची तारीख भिंतीवर?

धुऱ्यावरून · १९ जानेवारी, रात्री ९.५०

लिहिली. पेरणी त्याआधी उरकते, म्हणून १५ जुलै धरली. लॅब यवतमाळचीच.

लॅबवाला पुसद · १९ जानेवारी, रात्री १०.०५

आणि दादा, फॉर्मवरची 'चालू औषधे' ही ओळ भरा.

वरोऱ्याची लेक · १९ जानेवारी, रात्री १०.२०

रात्री उठणं कमी झालं का बाबांचं?

धुऱ्यावरून · १९ जानेवारी, रात्री १०.३०

एकदा उठतात ताई. सध्या शेतीची लाइट रात्रीची आहे, हरभऱ्याला पाणी सुरू आहे, तेव्हा मोटर बंद करायच्या वेळेलाच उठणं होतं.